चारापैकी चार

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. "आज्जी, नोकरीतले गमतीशीर अनुभव लिहा. दिवाळी आहे, लोकांना हलकंफुलकं लागतं." मी बरं म्हणाले. आता लिहायला बसल्यावर जे हाताला येतंय ते हलकं होत नाही, त्याला माझा इलाज नाही. सुरुवातीला थोडं हसवते. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

माझी नोकरी काय होती, हे आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता येत नाही. नातीनं शाळेत सांगितलं, "आमची आज्जी जनगणना करायची." जनगणना नव्हे गं बाई! जनगणनेत माणसं मोजतात, मी माणसांचं काम मोजायचे. सातारा आणि सांगली, हे दोन जिल्हे माझे. चिठ्ठ्या उचलाव्यात तशी घरं वरून निवडून यायची. त्या घरी जायचं आणि तिथल्या प्रत्येकानं गेल्या सात दिवसांत काय काम केलं ते विचारून लिहून घ्यायचं. अशा हजारो घरांच्या उत्तरांची वर कुठंतरी एक रेघ होते. ती रेघ चढली की लोकांना काम मिळतंय, म्हणजे देश पुढं चाललाय आणि गरिबालाही बरोबर घेऊन चाललाय, असं समजायचं. मी समजत होते. पगारच त्याचा होता.

नोकरी लागली तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. संख्याशास्त्राची पदवी, डोळ्यावर गॉगल, काखेत छत्री आणि तोंडात ती सरकारी मराठी. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत पहिल्यांदा गेले. एक म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. मी तिच्यापुढं उभी राहून खणखणीत आवाजात वाचलं, "आजी, गत सप्ताहात आपण अर्थार्जनाच्या हेतूने किमान एक तास कोणतेही उत्पादक कार्य केलेत काय?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "खाली बस बाई. पोथी हुबं ऱ्हाऊन वाचू नाई."

नुसतं एवढं करून ती थांबली नाही. शेजारपाजारच्या बायकांनाही तिनं हाक मारून बोलावलं. पुढचे सगळे प्रश्न मी हात जोडलेल्या चार बायकांसमोर मांडी घालून वाचले. शेवटी एकीनं माझ्यापुढं गूळशेंगा ठेवल्या. मी त्या खाल्ल्यासुद्धा. उत्तर मात्र एकीनंही दिलं नाही, कारण पोथीला उत्तर द्यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढं सुधारले. सात दिवस म्हटलं की माणूस गोंधळतो, पण बाजार त्याला पक्का आठवतो. म्हणून मी विचारायला लागले, "गेल्या बाजारापासून ह्या बाजारापर्यंत काय काय केलं?" मग एकेक दिवस उलगडत यायचा. बाजाराच्या दिवशी काय, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय, भांगलण कधी, कुणाच्या रानात. माझ्या सगळ्या संख्याशास्त्रापेक्षा ह्या आठवडी बाजारानं मला जास्त सांभाळलं.

आमच्या धंद्यातले दोन नियम मात्र सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. पहिला असा, की सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी तो माणूस 'कामावर'. दुसरा असा, की बेकार म्हणजे ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय तो. नुसतं काम नसून भागत नाही, शोधावंही लागतं. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाबाहेर एक चांगला धडधाकट गडी बसला होता. विचारलं, "काम शोधताय का?" तो म्हणाला, "शोदायला आदी हाय कुटं बाई? असंल तर दावा, शोदतो." झालं! तो बेकार नाही. तो कामाच्या बाजाराबाहेरचा. तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तो गडी, सगळे एका रकान्यात. देवळातला देव घरांच्या यादीत नसतो म्हणून, नाहीतर तोही त्यांच्यातच बसला असता. त्या दिवशी एसटीत ती गॉगलवाली पोरगी काय खुशीत होती, सांगू? आजच्या गावात एकही बेकार निघाला नाही!

हसून झालं असेल तर आता आष्ट्याला चला.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. गॉगल जाऊन जाड भिंगं आली होती, कागद जाऊन हातात टॅब आला होता. शहरगावातल्या घराला आम्ही दर तीन महिन्यांनी असं चार वेळा जायचो, म्हणजे वर्षभरात त्या घरात काय बदललं ते दिसावं. आष्ट्यात निवडून आलेलं ते घर धार लावणाऱ्यांचं. घरात माणसं चार. म्हातारे कासमचाचा, त्यांचा मुलगा सलीम, सून मुमताज आणि नात शाहीन.

पहिल्या फेरीला सलीमभाई सूतगिरणीत कामाला होते. "पर्मनंट," त्यांनी मी न विचारता सांगितलं. कासमचाचांचं धार लावायचं चाक माळ्यावर चढवलेलं होतं. मी विचारलं, "चाचा, तुम्ही काही काम करता?"

"म्या? म्या फकस्त जेवतो."

"आवं बाई, मी असताना बा कशाला काम करंल?" सलीमभाई म्हणाले. ते वाक्य बोलताना त्या माणसाची मान किती ताठ होती, ते टिपायची माझ्या टॅबमध्ये सोय नव्हती.

मुमताजभाभी घरकाम. शाहीन सांगलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. मी उठता उठता ती पांढऱ्या गणवेशात आत आली आणि दप्तर खुंटीला अडकवायच्या आधीच माझं मनगट धरलं. सरावाला माणूस कुणीही चालायचं तिला. घरातल्या सगळ्यांची नाडी बघून झाली होती, गल्लीतली संपत आली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, ओठ हलवत तिनं माझी नाडी मोजली.

"काकू, मीठ कमी खा."

"अगं, नाडीवरून मीठ कळतं होय?"

"न्हाई कळत. पर तुमच्या वयाच्या समद्यास्नी सांगायचं आसतं."

मग तिनं विचारलं, हे सगळं कशासाठी लिहून नेता? मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. देशात कुणाला काम आहे, कुणाला नाही ते कळलं की सरकारला धोरण ठरवता येतं. "मंजे तुमी देशाची नाडी बगता," ती म्हणाली. मला ते इतकं आवडलं की पुढच्या प्रशिक्षणात मी ते माझंच म्हणून सांगितलं. तर पहिल्या फेरीचं उत्तर, चारापैकी एक कामावर.

दुसऱ्या फेरीला गिरणीच्या गेटला कुलूप होतं. का लागलं, कुणाचं काय चुकलं, ते आष्ट्यात प्रत्येकजण वेगळं सांगायचा. सलीमभाई दारातच बसले होते.

"काम शोधताय का?" मी विचारलं. विचारावंच लागतं.

"रोज गेटावर जातोय की."

"तसं नव्हे, दुसरीकडं कुठं?"

"दुसरीकडं कशाला? गिरणी काय पळून गेलीया? नोटीस लागंल, गेट उगडंल. मी तितं नसलो तर?"

बंद गेटासमोर रोज जाऊन बसणं याला शोधणं म्हणायचं का, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शोधतोय असं धरा. धरलं. चार फेऱ्यांतली ही एकच फेरी, जिच्यात त्या घराचं दुःख आमच्या रेघेत दिसलं. सलीमभाई 'बेकार' म्हणून नोंदले गेले आणि रेघ केसभर खाली वाकली असेल. तेवढाच काय तो मान.

तिसऱ्या फेरीला गेले तर दाराशी पुरुषांच्या चपला नाहीत, आतून यंत्राचा आवाज. मुमताजभाभी शिवणयंत्रावर होत्या. साड्यांना फॉल-पिको करत होत्या, लोकांच्या. त्यांनी यंत्र न थांबवताच सांगितलं, "ह्ये केळी भराय गेल्यात गाडीवर. मामा बाजारात."

"कासमचाचा? बाजारात?"

माळ्याकडं बघितलं. चाक खाली उतरलं होतं. तो म्हातारा पुन्हा गावोगावच्या बाजारांत विळे-कोयत्यांना धार लावत फिरत होता, सायकलच्या कॅरिअरवर चाक बांधून.

शाहीन घरी होती. पुस्तक उघडं होतं. मी दिसल्यावर तिनं दोन्ही हात ओढणीत घेतले. एरवी मनगट धरायला धावणारी पोरगी! मी म्हटलं, "आज नाडी नाही का बघायची?"

तिनं हात बाहेर काढले. नखांच्या कडा पिवळ्याधमक, बोटांच्या रेघारेघांत हळद.

"शेडवर जाती सांजच्याला. हळद पावडर पाकिटात भराया," ती म्हणाली. "वॉर्डात ट्यूटर मॅडम वरडल्या. म्हनल्या, हात बगून पेशंटला वाटंल नर्सलाच कावीळ झाली." ती हसली. आतून यंत्राचा आवाज थांबला होता.

मी टॅब उघडला. शाहीननं माझ्याजवळ सरकून हळूच सांगितलं, "काकू, माझ्यापुढं विद्यार्थिनीच लिवा हां."

मी तिला नियम समजावला. एक तास काम केलं असलं तरी कामावर लिहावं लागतं, काम आधी धरायचं, शिक्षण त्याच्या मागं. देशोदेशी असंच मोजतात. हा नियम मी आयुष्यभर नव्या मुलांना शिकवत आले होते. तो वाईटही नाही. एखाद्या बाईनं तासभर जरी राबून कमावलं, तरी तिचं काम डोळ्याआड होऊ नये म्हणूनच तो केलेला.

शाहीन ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मंजे शेडवर एक तास गेले तर कामगार, आन् दिसभर वर्गात बसले तर त्ये कायच न्हाई?"

"काहीच नाही असं नाही गं. त्याचा प्रश्न वेगळा आहे."

"पर म्होरं कोन धरत्यात? कामगार?"

"हो."

"मग आसू द्या. लिवा." आणि ओढणी सारखी करत म्हणाली, "दुसऱ्या वर्षाला मी शेड सोडनार हाय पर. पुढच्या येळंला बगा."

लिहिलं. चारापैकी चार कामावर. टॅबनं विचारलं, उत्तर नक्की ना? मी 'हो' दाबलं.

चौथ्या फेरीला शाहीनचं दप्तर खुंटीला होतं आणि शाहीन घरात नव्हती. भर कॉलेजच्या वेळेला. कासमचाचा तेवढे बाजार नसल्यानं घरी सापडले, चाकाला तेल देत होते. घरातल्या चौघांचं तेच सांगणार होते.

"शाहीन सध्या कॉलेजला जाते का?" हा प्रश्न स्वतंत्र असतो, तो आला.

"जाती की."

"आत्ता कुठंय?"

"शेडवर."

"आणि कॉलेज?"

"सुट्टी घ्येतलीया."

"कसली सुट्टी, चाचा? आत्ता सुट्टी नसते."

म्हाताऱ्यानं चाक एकदा रिकामंच फिरवलं. "नाव काढल्यालं न्हाई, म्याडम. नाव हाय अजून तितं. पोरगी शिकतीच हाय. तुमी 'शिकती' लिवा."

प्रश्न 'सध्या जाते का' असा होता, आणि ती जात नव्हती. मी 'नाही' नोंदवलं. काम आहे, शिक्षण नाही. मग सगळ्यात शेवटी 'शेरा' नावाची एक जागा असते, तिथं गेले. नोकरीभर मी तिथं 'निरंक' लिहीत आलेली बाई. त्या दिवशी सगळं लिहायला बसले. गिरणी, गेट, माळ्यावरून उतरलेलं चाक, पिवळी नखं. टॅब म्हणाला, अक्षरं जास्त झाली. गिरणी काढली. तरी जास्त. चाक काढलं. नखं काढली. शेवटी बसलं ते एवढंच, 'ही मुलगी नर्सिंग शिकत आहे.'

दोन दिवसांनी तपासणीच्या टेबलावरच्या मुलाचा फोन. बोलायला गोड. "मॅडम, आष्ट्याच्या घरात विसंगती येतेय. शिक्षण 'नाही' म्हटलंय आणि शेऱ्यात 'शिकत आहे'. काय धरू?"

"दोन्ही धर."

"मॅडम, सिस्टीम घेत नाही ना तसं."

"मग सिस्टीमला म्हणावं, आष्ट्याला जाऊन ये."

तो हसला. म्हातारं माणूस निवृत्तीला आलं की असं बोलतं, असं वाटलं असेल त्याला. मग म्हणाला, "मी शेरा काढतो मॅडम, उत्तर राहू देतो." त्यानं काढला. त्याचं कामच ते होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर त्याला शिस्तीवर दोन शब्द ऐकवले असते.

निवृत्तीच्या जरा आधी सांगलीला एक कार्यशाळा झाली. मोठ्या संस्थेतून एक तरुण साहेब आले होते. विषय, रोजगारातून सर्वसमावेशक विकास. पडद्यावर रेघ आली. चढती. बायकांचा कामातला वाटा वाढलाय. ज्येष्ठ नागरिक अधिक सक्रिय झालेत. तरुणी अर्थव्यवस्थेत उतरताहेत. घरटी कमावणारे हात वाढलेत. मी मागच्या रांगेत, मांडीवर पोह्यांची बशी. सक्रिय ज्येष्ठ म्हटल्यावर मला सायकलच्या कॅरिअरला चाक बांधणारे कासमचाचा दिसले.

मी उठले. म्हटलं, "साहेब, ह्या रेघेत माझं एक घर आहे." आणि सांगितलं. आधी एक कमवत होता तेव्हा चौघं नीट जगत होती, आता चौघं राबतात आणि भागत नाही. पोरीचं शिक्षण गेलं. तुमची रेघ तेवढी चढली.

साहेब चांगला माणूस. मधे तोडलं नाही, ऐकून घेतलं. मग आदबीनं म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते. पण एका घरावरून अंदाज काढता येत नाही."

सभागृहात चारपाच जण हसले. माझेच विद्यार्थी ते. हसायचं कारण असं, की हे वाक्य माझं होतं. दरवर्षी प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी ते फळ्यावर लिहायचे, खाली दोन रेघा ओढून. आणि खरंच आहे ते. नाहीच काढता येत. साहेबांची रेघ खोटी नव्हती. त्या घराची चारही फेऱ्यांची उत्तरं खरी होती, मीच घेतली होती. कुणीतरी कुठंतरी लबाडी केली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. इथं सगळे बरोबर होते आणि शाहीन शेडवर होती. मी खाली बसले. पोहे गार झाले होते, तरी खाल्ले. गूळशेंगांपासूनची सवय.

निवृत्त झाल्यावर एकदा, कुणी न पाठवता, बाजाराचा दिवस बघून आष्ट्याला गेले. कासमचाचा कोपऱ्यात चाक फिरवत होते, कोयत्यातून ठिणग्या उडत होत्या. मला बघून पाय थांबला.

"म्याडम? चार फेऱ्या झाल्या न्हवं तुमच्या?"

"झाल्या. नुसती भेटायला आले."

त्यांचा विश्वास बसला नाही. माझी पिशवी बघितली, तिच्यात टॅब आहे का म्हणून. मग म्हणाले, "शाहीन शेडवर हाय. पर्मनंट झाली." तो शब्द त्या घरात मी सलीमभाईंकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो कसा उच्चारला होता, ते मला आठवत होतं.

शेडवर जेवणाची सुट्टी होती. बायका भिंतीच्या सावलीला डबे उघडून बसलेल्या, सगळ्या पिवळ्या, पापण्यांपर्यंत. त्यातली एक उठून आली. तिनं हात ओढणीत घेतले नाहीत. आल्या आल्या माझं मनगट धरलं आणि शेडच्या घड्याळाकडं मान वळवली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी केलं न्हाई तुमी."

"नाही केलं."

"आता काय विचारायला आला?"

"काही नाही. तू कशी आहेस?"

"ह्यो कवाच विचारला न्हवता तुमी." ती हसली. "मी बरी हाय. अम्मीचं यंत्र चालू हाय, अब्बा केळीवर, दादा चाक घिऊन बाजारात तुमाला दिसलंच आसत्याल. आमच्यात आता समद्यास्नी काम हाय काकू."

मागून कुणीतरी हाक मारली. सुट्टी संपली होती. ती दोन पावलं गेली आणि परत वळली.

"काकू, शेवटच्या फेरीला दादा म्हनलं, म्याडमनी लय येळ बसून काय काय लिवलं. माझ्यापुढं काय लिवलंसा?"

"'ही मुलगी नर्सिंग शिकत आहे', असं."

तिनं पिवळ्या हातानं कपाळावरचा केस मागं सारला, तिथंही रंग लागला.

"आसं लिवलं? खरंच?"

"खरंच."

"मग ते ऱ्हाऊ द्या तसंच. खोडू नगा."

नोकरीभर लोकांनी मला खोटी उत्तरं दिली. बऱ्याचदा ती मला तोंडावरून ओळखू यायची. मी म्हणाले, "राहू दिलंय. तसंच आहे."

शाहीननं माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग मान हलवली आणि आत गेली.